आता पुढील कार्यक्रम

मुलांनो, पूर्वी मुंबई दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये एक निवेदिका पडद्यावर येत असे. ती नमस्कार करी आणि पुढे कोणता कार्यक्रम आहे ते सांगे. 'साप्ताहिकी' नावाचा एक कार्यक्रमही तेव्हा लागत असे. येणाऱ्या आठवड्यात काय काय दाखवले जाईल, याची माहिती त्यात मिळे. त्या काळी बहुतेक घरांत एकच वाहिनी दिसत असे. त्यामुळे रविवारचा चित्रपट कोणता, हे कळावे म्हणून मोठी माणसेसुद्धा साप्ताहिकी चुकवत नसत. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारून पाहा. त्यांना ती नक्की आठवत असेल.

'साप्ताहिकी' हा शब्द 'सप्ताह' या शब्दापासून झाला आहे. सप्ताह म्हणजे सात दिवस. उर्दूत तुम्ही त्याला हफ्ता म्हणता. मराठीतही 'हप्ता' हा शब्द आहे, पण त्याचा नेहमीचा अर्थ वेगळा आहे. थोडे थोडे करून फेडायच्या पैशांतील एक भाग म्हणजे हप्ता. शब्द एक, घरे दोन! असे आणखी काही शब्द या पाठात पुढे येणार आहेत.

आज वाहिन्या शेकड्यांनी आहेत. निवेदिका गेली आणि साप्ताहिकीही गेली. पण पुढे कोणता कार्यक्रम येणार आहे, तो कशाबद्दल आहे आणि आपण तो पाहावा की नाही, हे प्रश्न आजही आहेत. दूरदर्शनसारख्या सार्वजनिक वाहिनीच्या बाबतीत ते जास्त महत्त्वाचे आहेत. कारण ही वाहिनी कोणा एका मालकाची नाही. ती सर्वांच्या पैशांवर चालते, म्हणून ती तुमचीही आहे.

भारतात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. हे केंद्र वरळीला आहे. तेथील उंच मनोरा दुरूनही दिसतो. १९८२ साली दूरदर्शन रंगीत झाले. १९९४ साली उपग्रहावरून मराठी वाहिनी सुरू झाली. तिलाच आज आपण 'सह्याद्री' म्हणून ओळखतो. उपग्रहामुळे मुंबईचा कार्यक्रम गडचिरोलीच्या जंगलातील गावातही दिसू लागला. १५ ऑगस्ट २००६ पासून दूरदर्शनची उर्दू वाहिनीही आहे. ती तुम्ही पाहत असालच. पण सह्याद्री वाहिनी का पाहायची, ते आता पाहू.

दूरदर्शन आणि आकाशवाणी या दोन्ही संस्था प्रसार भारतीकडे आहेत. प्रसार भारतीचा कायदा १९९० साली झाला आणि १९९७ साली ही संस्था कामाला लागली. लोकांना खरी आणि निःपक्षपाती माहिती मिळणे हा त्यांचा हक्क आहे, असे हा कायदा सांगतो. शेती, शिक्षण, आरोग्य यांकडे लक्ष द्यावे आणि देशातील निरनिराळ्या भाषा व संस्कृती यांना जागा द्यावी, असेही त्यात म्हटले आहे. म्हणून सार्वजनिक वाहिनीवर केवळ करमणूक असून चालत नाही. तिच्यावर भाताच्या रोपांना लागलेल्या रोगाची माहितीही सांगावी लागते. शहरातील प्रेक्षकांना ती कंटाळवाणी वाटली, तरी सांगावी लागते. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम मुंबई दूरदर्शनने वर्षानुवर्षे चालवला, तो याचसाठी.

आता कार्यक्रमपत्रिका कशी तयार होते ते पाहू. तुमच्या शाळेचे वेळापत्रक आठवा. सोमवारी दुसरा तास गणिताचा, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरते. पण त्या तासाला कोणते उदाहरण सोडवायचे, हे सर नंतर ठरवतात. दूरदर्शनचेही तसेच आहे. कोणत्या वारी, कोणत्या वेळी, कोणत्या प्रकारचा कार्यक्रम दाखवायचा, याचा एक तक्ता असतो. त्याला तेथे 'फिक्स्ड पॉइंट चार्ट' म्हणतात. बातम्यांची वेळ, गाण्यांची वेळ, शेतीची वेळ अशा जागा त्यात आधीच आखलेल्या असतात. मग त्या जागांवर प्रत्यक्ष कार्यक्रम बसवले जातात. बातम्यांची जागा मात्र शेवटच्या क्षणापर्यंत मोकळी राहते, कारण उद्या काय घडणार हे आज कोणाला माहीत असते?

समजा, तुमच्यापुढे अशी पत्रिका आहे : 'सायं. ७.०० बातम्या. ७.३० चर्चा. ८.०० मैफल (थेट प्रक्षेपण). ९.०० नाटक (पुनःप्रक्षेपण).' या छोट्या ओळींत बरेच काही दडलेले आहे. 'सायं.' म्हणजे सायंकाळी. 'थेट प्रक्षेपण' म्हणजे कार्यक्रम चालू असतानाच तुम्ही तो घरी पाहता. १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, मुंबईच्या शिवाजी पार्कवर संचलन होते. सह्याद्री वाहिनी ते थेट दाखवते, तेव्हा तेथे बिगूल वाजतो त्याच वेळी तो तुमच्या घरातही वाजतो. 'पुनःप्रक्षेपण' म्हणजे आधी दाखवलेला कार्यक्रम पुन्हा दाखवणे. एखादा चांगला कार्यक्रम तुमच्याकडून चुकला असेल, तर हा शब्द पत्रिकेत शोधा. आणि मैफल? हा शब्द तर तुमच्याच घरचा आहे. तो मराठीत येऊन शेकडो वर्षे झाली. आता गाण्याच्या बैठकीला मराठी माणूस दुसरे काही म्हणतच नाही.

पत्रिकेच्या खाली पुष्कळदा एक बारीक ओळ असते : 'कार्यक्रमांत ऐनवेळी बदल होण्याची शक्यता आहे.' 'ऐनवेळी' म्हणजे अगदी त्याच वेळी, आयत्या वेळी. मोठा अपघात, पूर, भूकंप किंवा देशाच्या एखाद्या नेत्याचे निधन अशा वेळी ठरलेले कार्यक्रम बाजूला ठेवावे लागतात. बदल झाला तर चिडू नका. त्या वेळी कोठे तरी काही तरी मोठे घडलेले असते. कधी कधी नुसतेच यंत्र बिघडते. जुन्या काळी तेव्हा पडद्यावर 'व्यत्यय' अशी पाटी येई आणि घरातले सगळे तिच्याकडे बघत बसत! व्यत्यय म्हणजे अडथळा.

पत्रिकेत 'सांस्कृतिक कार्यक्रम' असे लिहिलेले असते, तेव्हा त्यात गाणे, नाटक, नृत्य, लोककला, लेखक-कवींशी गप्पा असे सारे येते. मुंबई दूरदर्शनची या बाबतीतली परंपरा मोठी आहे. 'गजरा' या कार्यक्रमात छोट्या छोट्या विनोदी नाटिका असत. 'प्रतिभा आणि प्रतिमा' या कार्यक्रमात साहित्यिक आणि कलावंत भेटत. 'ज्ञानदीप' हा कार्यक्रम आकाशानंद यांनी घडवला. तो पाहणाऱ्या लोकांनी ठिकठिकाणी 'ज्ञानदीप मंडळे' काढली आणि आपापल्या भागात चांगली कामे केली. कार्यक्रम संपला की प्रेक्षकाचे काम संपले, असे त्या लोकांनी मानले नाही. मला तर दूरदर्शनच्या सगळ्या इतिहासात ही गोष्ट फार मोलाची वाटते. तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' हा कार्यक्रमही मुंबईचाच. १९७२ साली तो सुरू झाला आणि सुमारे २१ वर्षे चालला. त्यांच्या गोड हिंदी-उर्दूत चित्रपट कलावंतांच्या मुलाखती ऐकायला मराठी घरांतही गर्दी होई.

येथे जरा थांबा. 'मुलाखत' म्हणजे काय? उर्दूत मुलाकात म्हणजे भेट. तुमच्या चाचांशी रस्त्यात गाठ पडली तरी ती मुलाकातच. पण मराठीत रस्त्यातल्या भेटीला मुलाखत म्हणत नाहीत. एकाने प्रश्न विचारायचे, दुसऱ्याने उत्तरे द्यायची आणि इतरांनी ते ऐकायचे किंवा वाचायचे, त्याला मुलाखत म्हणतात. प्रसिद्ध लेखक पु. ल. देशपांडे यांनी दिल्ली दूरदर्शनसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेतली होती. ती मराठी अर्थाने मुलाखत होती आणि उर्दू अर्थानेही!

आता बातम्यांकडे वळू. मुंबई दूरदर्शनच्या मराठी बातम्या म्हटले की संध्याकाळी सातची वेळ, असे समीकरण पुष्कळ वर्षे होते. स्मिता पाटील आणि भक्ती बर्वे या नामवंत अभिनेत्रींनीही तेथे बातम्या वाचल्या होत्या. प्रदीप भिडे यांनी तर दीर्घकाळ वृत्तनिवेदन केले. स्पष्ट उच्चार, शांत आवाज आणि कोठेही घाई नाही, अशी ती पद्धत होती. मराठी शिकणाऱ्याला अशा बातम्यांचा फार उपयोग होतो. पाठ्यपुस्तकातील मराठी डोळ्यांनी कळते, पण कानांना तिची सवय बातम्या ऐकून होते.

बातम्यांनंतर जो चर्चेचा कार्यक्रम असतो, तो मात्र बातम्यांसारखा ऐकू नका. बातमी म्हणजे काय घडले ते. चर्चा म्हणजे जे घडले त्याबद्दल कोणाला काय वाटते ते. 'गावात नळपाणी योजना मंजूर झाली' ही बातमी आहे. 'ही योजना दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती' हे मत आहे. चर्चेत तीन माणसे बसली असतील, तर तीन मते निघतील आणि ती तिन्ही एकाच वेळी खरी असतील असे नाही. म्हणून पत्रिकेत चर्चेचा विषय पाहाच, पण चर्चेत कोण कोण भाग घेणार आहे तेही पाहा. शिक्षणावर चर्चा आहे आणि तिच्यात एकही शिक्षक नाही, असे दिसले तर ते ध्यानात ठेवून ऐका.

उर्दू घरातल्या मुलांना मराठी बातम्या अवघड वाटतात, असे म्हणतात. मला ते पूर्णपणे पटत नाही. बातम्यांतील कितीतरी शब्द तुम्हांला आधीच येतात : तारीख, ताज्या, मंजूर, नामंजूर, हजर, जिल्हा, जप्त. अडचण होते ती दुसऱ्याच शब्दांनी. ते ओळखीचे वाटतात आणि म्हणूनच फसवतात. 'मंत्र्यांनी राजीनामा दिला' हे वाक्य घ्या. उर्दूत राजीनामा म्हणजे दोघांत झालेली तडजोड. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडल्याचे पत्र, उर्दूतील इस्तीफा. तुम्हांला वाटेल भांडण मिटले, आणि तिकडे मंत्र्यांनी खुर्ची सोडलेली असते! 'कायदा' उर्दूत नियम किंवा मुलांचे पहिले पुस्तक असतो. मराठीत कायदा म्हणजे उर्दूतील कानून. 'नगरपालिकेने नागरिकांच्या हरकती मागवल्या आहेत' हे ऐकून हसू नका. नगरपालिकेला तुमच्या हालचाली नको आहेत. हरकत म्हणजे आक्षेप, एतराज. तुमच्या मोहल्ल्यातून नवा रस्ता जाणार असेल आणि तो तुम्हांला मान्य नसेल, तर ठरलेल्या तारखेच्या आत तसे लिहून कळवा, असा त्या वाक्याचा अर्थ आहे. ते वाक्य ज्याला कळले नाही, त्याची तारीख निघून जाते. 'सवलत' म्हणजे नुसती सहूलियत नव्हे. फी किंवा भाडे यांत मिळणारी सूट म्हणजे सवलत. परीक्षेच्या फीमध्ये सवलत मिळणार असेल, तर तो शब्द कानावर पडताच कळायला हवा.

आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द 'इशारा'. उर्दूत इशारा डोळ्याने करतात, बोटाने करतात. तो एक हलका संकेत असतो. मराठी बातम्यांत मात्र तो हलका नसतो. 'हवामान खात्याने अतिमुसळधार पावसाचा इशारा दिला आहे' याचा अर्थ धोका आहे, सावध राहा. उर्दूत ज्याला तंबीह किंवा खबरदार करणे म्हणतात, ते हे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रस्ते बुडाले, गाड्या थांबल्या, शेकडो माणसे प्राणांना मुकली. अशा पावसाचा अंदाज पूर्ण अचूक देणे आजही सोपे नाही. पण इशारा दिला गेला, तर तो घरातल्या एका तरी माणसाला पुरता समजला पाहिजे. कोकणातील बंदरांवर राहणाऱ्या मुलांना हे सांगायला नको. 'मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये' हे वाक्य ऐकून होडी किनाऱ्यावर ठेवायची की पाण्यात लोटायची, हे घरी ठरते. पुष्कळ घरांत दादी-नानींना मराठी बातम्या नीट कळत नाहीत. त्या तुम्हांलाच विचारतात, "बेटा, क्या बोल रहे हैं?" तेव्हा तुम्ही 'इशारा' या शब्दाचे उर्दूत काय करून सांगता, याला फार महत्त्व आहे.

हे सारे पाहण्यासाठी मोठा खर्च करावा लागत नाही. दूरदर्शनची 'फ्री डिश' ही सेवा २००४ साली सुरू झाली. तिच्यासाठी छत्री आणि डबा एकदा विकत घ्यावा लागतो, पण दर महिन्याला पैसे भरावे लागत नाहीत. मोबाइलवरही सह्याद्री वाहिनीचे कार्यक्रम पाहता येतात. कार्यक्रमांच्या वेळा मधून मधून बदलतात, म्हणून पाहण्यापूर्वी त्या दिवसाची पत्रिका बघून घ्या.

आज बातम्या लावाल तेव्हा वही जवळ ठेवा. सुरुवातीला 'ठळक बातम्या' सांगतात. तेव्हा काहीच लिहू नका, फक्त ऐका. मग सविस्तर बातम्या सुरू होतील. त्यांत ओळखीचा वाटणारा पण अर्थ न जुळणारा एखादा शब्द आला, तर तेवढाच टिपून घ्या. शेवटी ठळक बातम्या पुन्हा एकदा सांगितल्या जातात. पहिल्या वेळी न कळलेली एखादी तरी बातमी आता कळते का, ते पाहा. लगेच दूरदर्शन संच बंद करू नका. हवामानाचा अंदाज बहुधा त्यानंतरच येतो.