चंदीगडची जिवाणू-पेढी आणि आपली सामाईक ठेव

बँक म्हटले की ठेवी, लॉकर आणि वारसनोंद डोळ्यांसमोर येतात. बदलीनिमित्त चंदीगडला आल्यावर मात्र एका निराळ्याच बँकेची माहिती झाली. येथील सेक्टर ३९ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. १९८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत १९८६ पासून सूक्ष्मजीवांचा संग्रह आणि जनुक-पेढी चालविली जाते. येथील ठेवीदार म्हणजे संशोधक व उद्योजक, आणि ठेवी म्हणजे जिवंत जिवाणू व बुरशी! अतिशय कमी तापमानात अथवा गोठवून-सुकवून त्यांना निद्रिस्त ठेवले जाते. बुडापेस्ट करारान्वये ऑक्टोबर २००२ मध्ये या पेढीस आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. पेटंटसाठी ठेवलेला नमुना किमान ३० वर्षे सांभाळण्याचे बंधन या करारात आहे. आपल्या मुदत ठेवींनाही हेवा वाटावा अशीच ही मुदत!

हे जिवाणू जपायचे कशासाठी? एखाद्या जिवाणूवर कोणते औषध चालते याची चाचणी अचूक आहे की नाही, हे पडताळण्यासाठी गुणधर्म ठाऊक असलेले प्रमाण जिवाणू हाताशी असावे लागतात. हे गुणधर्म जिवाणूच्या जनुकांमध्ये लिहिलेले असतात. रोग निर्माण करण्याची क्षमता आणि औषधाला दाद न देण्याची क्षमता, या दोहोंचे मूळ तेथेच आहे.

विशेष म्हणजे ही जनुके जिवाणूला केवळ वारशानेच मिळतात असे नाही. १९२८ मध्ये इंग्लंडमधील फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी न्यूमोनियाच्या निरुपद्रवी जिवाणूंमध्ये मारलेले घातक जिवाणू मिसळून ते मिश्रण उंदरांना टोचले. उंदीर दगावले आणि त्यांच्या रक्तात जिवंत, घातक जिवाणू आढळले. मृतांकडून जिवंतांकडे गेलेला तो ऐवज डीएनए होता, हे १९४४ मध्ये अमेरिकेत एव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. आपल्याकडचे उदाहरण कॉलऱ्याचे. या रोगाच्या जिवाणूचे विष कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये शोधले. ते विष तयार करणारी जनुके जिवाणूला एका विषाणूकडून मिळतात, हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले.

औषधांना विरोध करणारी जनुके तर पुष्कळदा प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या लहानशा कड्यावर असतात. हे कडे एक जिवाणू दुसऱ्याला, प्रसंगी परजातीच्या जिवाणूलाही, देऊ शकतो. वारसाहक्काच्या मालमत्तेला नाव व नाते लागते. प्लास्मिड मात्र बेअरर चेकसारखे आहे. ज्याच्या हाती पडेल तो वटवून घेतो. २००८ मध्ये भारतात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जिवाणूमध्ये असेच एक जनुक आढळले. कार्बापेनेम गटातील राखीव औषधेदेखील त्यामुळे निष्प्रभ ठरतात. त्याला नवी दिल्लीचे नाव दिल्याने वाद झाला; जनुक मात्र नावाची पर्वा न करता अनेक देशांत पसरले.

२०१९ या एका वर्षात औषधरोधक जिवाणूंमुळे जगभरात थेट सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. चंदीगडची पीजीआय ही रुग्णालय-संस्थाही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी जाळ्यातून अशा जिवाणूंवर लक्ष ठेवते. १ मार्च २०१४ पासून अनुसूची एच-१ मधील महत्त्वाची प्रतिजैविके, म्हणजेच अँटिबायोटिक औषधे, विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि त्याचे प्रमाण यांची नोंद औषधविक्रेत्याने वेगळ्या नोंदवहीत करणे व ती तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. नोंदवहीचे मोल आपणा बँकवाल्यांना वेगळे सांगावयास नको.

परंतु घरातील कपाटाच्या खणाची नोंदवही कोण ठेवणार? मागील हिवाळ्यात मुलीला सर्दी-ताप आला, तेव्हा जुन्या पाकिटातील उरलेल्या गोळ्या तिला देण्याच्या बेतात मी स्वतःच होतो. डॉक्टरांनी वेळीच थांबविले. तो ताप विषाणूंमुळे होता आणि विषाणूंवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नाही. उलट अशा गोळ्यांनी शरीरातील साधे जिवाणू मरतात, औषधाला न जुमानणारे तेवढे उरतात आणि त्यांना मोकळे रान मिळते. त्या दिवशी मी गोळ्या परत खणात ठेवल्या नाहीत.

वाचकहो, प्रतिजैविकांची परिणामकारकता ही आपणा सर्वांची सामाईक ठेव आहे. एकाने विनाकारण काढलेली रक्कम उद्या गरजेच्या वेळी दुसऱ्याला कमी पडते. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही औषधे घेऊ नयेत, सांगितलेली मात्रा व दिवस पाळावेत, आणि उरलेल्या गोळ्या कोणालाही देऊ नयेत. चंदीगडच्या पेढीत जिवाणू सुरक्षित आहेत. त्यांच्यावरची औषधे सुरक्षित ठेवणे आपल्या हाती आहे.