गुडघ्यासाठी परदेशी जावे काय?

आमचे एक शेजारी आहेत. वय बासष्ट. सारे गाव त्यांना आप्पा म्हणते. दर संकष्टीला ते पायी राजूरच्या गणपतीला जात. गेली तीन वर्षे त्यांचे हे जाणे बंद पडले. खाली बसले तर उठवत नाही. रात्री गुडघे ठणकतात.

एके दिवशी सकाळीच आप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. हातात एक रंगीत छापील कागद होता.

"गुरुजी, हे वाचा बरं. पोरानं पुण्याहून आणलंय. परदेशात गुडघ्यात सुई टोचतात म्हणं. गुडघा नवा होतो. वावरातले दोन एकर इकून टाकावं म्हणतो."

आम्ही कागद वाचला. त्यात हसऱ्या माणसांची चित्रे होती. पैशाचा आकडा होता. पण किती लोकांना सुई टोचली, किती बरे झाले, किती जणांचे बिघडले, हे काही लिहिलेले नव्हते.

आम्ही म्हणालो, "आप्पा, आठ दिवस थांबा. एवढे दिवस दुखणं सोसलं, आणखी आठ दिवस सोसा. पण विकलेलं वावर परत येत नाही."

त्या आठ दिवसांत आम्ही डॉक्टरांना भेटलो. छापील माहिती मिळवून वाचली. आम्ही काही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेले, छत्तीस वर्षे फळ्यापुढे उभे राहिलेले मास्तर आहोत. गुडघे आमचेही कुरकुरतात. तेव्हा जे नीट समजले, तेवढेच येथे सांगतो.

गुडघा का दुखतो?

बैलगाडीच्या आसाला आपण वंगण घालतो. नाही घातले तर आस घासतो, करकरतो. गुडघ्यातही तशीच सोय आहे. दोन हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. सांध्यात थोडे चिकट पाणीही असते. म्हणून पाय सहज वाकतो.

वय वाढते. वजन वाढते. जन्मभर ओझी उचललेली असतात. मग कूर्चा झिजते. हाताला विळा लागला तर रक्त येते, खपली धरते, जखम भरते. कूर्चेत मात्र रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून ती एकदा झिजली की सहसा पुन्हा भरत नाही. खरी अडचण येथेच आहे.

गुडघा दुखण्याची दुसरीही कारणे असतात. म्हणून कारण कोणते, ते आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

मूळपेशी म्हणजे काय?

घर जसे विटांचे, तसे आपले शरीर पेशींचे. पेशी इतकी लहान असते की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. हाडाच्या पेशी वेगळ्या, रक्ताच्या वेगळ्या, कातडीच्या वेगळ्या.

आता कणकेचा गोळा आठवा. त्याची पोळी होते, पुरीही होते. पण एकदा पोळी भाजली की तिची पुरी होत नाही. शरीरातही काही पेशी अशा कणकेसारख्या असतात. त्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी तयार होतात. त्यांना मूळपेशी म्हणतात. आप्पांच्या कागदावर लिहिले होते 'स्टेम सेल', ते हेच.

मूळपेशी ही थाप नव्हे. हाडाच्या आत मगज असतो. त्यातल्या मूळपेशी रोज नवे रक्त घडवतात. रक्ताच्या कर्करोगात काही रोग्यांना दुसऱ्याचा असा मगज देतात. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८३ साली डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातले असे पहिले यशस्वी रोपण केले. त्यानंतर या उपचाराने पुष्कळांचे प्राण वाचले.

मग लोकांनी विचार केला, रक्त नवे होते तर कूर्चा का होऊ नये? विचार चांगला आहे. पण विचार वेगळा आणि पुरावा वेगळा.

सुई टोचल्यावर काय होते?

तुम्ही शेतकरी आहात. नवे खत आले तर सगळ्या वावरात टाकता काय? शहाणा माणूस चार ओळींना खत घालतो, चार ओळी बिनखताच्या ठेवतो. दोन्हींकडचा कापूस वेगवेगळा तोलतो. मग ठरवतो.

औषधाचेही तसेच करावे लागते. अमेरिकेत ४७५ लोक घेऊन अशी चाचणी झाली. सर्वांचे गुडघे झिजलेले होते. त्यांचे गट पाडले. कोणाला स्वतःच्या मगजातल्या पेशी टोचल्या. कोणाला स्वतःच्या चरबीतल्या. कोणाला बाळाच्या नाळेतल्या. आणि कोणाला फक्त स्टेरॉइडची साधी, जुनी सुई दिली. वर्षभराने सर्वांना तपासले. २०२३ साली निकाल छापून आला. पेशींच्या महागड्या सुईने साध्या सुईपेक्षा दुखणे जास्त कमी झाले नव्हते. यंत्राने गुडघ्याच्या आतली चित्रे काढली. त्यांतही कूर्चा नवी झालेली दिसली नाही.

मग कागदावरचे लोक बरे वाटले असे का सांगतात? ते खोटेच बोलतात असे नाही. गुडघ्याचे दुखणे कधी वाढते, कधी आपोआप कमी होते. माणूस फार दुखते तेव्हाच सुई घ्यायला जातो. पुढे दुखणे उतरते, तेव्हा त्याला वाटते, सुईनेच गुण आला. शिवाय मोठा पैसा मोजला की मनही धीर धरते. म्हणूनच बिनखताच्या ओळी ठेवाव्या लागतात.

परदेशातले धोके

गुण आला नाही तर फक्त पैसेच जातील, असे समजू नका.

२०२४ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने तीन जणांची हकीगत छापली. ते शेजारच्या मेक्सिको देशात मूळपेशींची सुई घ्यायला गेले होते. त्यांपैकी काहींनी ती सांध्यांसाठी घेतली. सुईबरोबर अंगात जंतू शिरले. हे जंतू असे चिवट की लवकर मरत नाहीत. साध्या औषधांना ते दाद देत नाहीत.

दुसरी हकीगत २०१६ साली प्रसिद्ध झाली. अमेरिकेतल्या एका माणसाला अर्धांगवायू झाला होता. चालता यावे म्हणून तो चीन, अर्जेंटिना आणि मेक्सिको या देशांत जाऊन मूळपेशी टोचून आला. पुढे त्याच्या पाठीच्या कण्यात गाठ वाढली. गाठीतल्या पेशी त्याच्या स्वतःच्या नव्हत्या. त्या टोचलेल्या परक्या पेशी होत्या. होती ती हालचालही गेली.

आता आपला विचार करा. परदेशात सुई घेतली आणि भोकरदनला परत आल्यावर ताप भरला. गुडघा सुजला. सुईत काय होते, हे येथल्या डॉक्टरांना कोण सांगणार? तक्रार कोठे करणार? तेथली भाषा येत नाही. कायदा माहीत नाही. पैसे घेणारा दलाल फोन उचलेलच असे नाही.

आपल्या देशात नियम काय?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद ही सरकारी संस्था आहे. तिने २०१७ साली मूळपेशींविषयी नियम छापले. परवानगी मिळालेले उपचार सोडले, तर मूळपेशी फक्त मंजूर चाचणीतच वापराव्यात, उपचार म्हणून विकू नयेत, असे त्यांत सांगितले आहे. चाचणीत भाग घेणाऱ्या रोग्याकडून त्या उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. म्हणजे कोणी 'चाचणी आहे' म्हणून पैसे मागितले, तर तेथेच सावध व्हावे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २०२२ साली बेंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीच्या मूळपेशींच्या औषधाला भारतात गुडघ्याच्या झिजेसाठी परवानगी मिळाली. ते मधल्या टप्प्याच्या झिजेसाठी आहे. सगळा झिजलेला गुडघा त्याने नवा होतो, असा त्याचा अर्थ नाही. आपल्याला ते योग्य आहे की नाही, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारता येते. पण त्यासाठी विमानात बसावे लागत नाही.

मग करावे काय?

पहिले, वजन. एक किलो वजन कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. दिवसात किती पावले टाकतो, त्याचा हिशोब तुम्हीच करा.

दुसरे, व्यायाम. खुर्चीवर बसावे. एक पाय सरळ करावा. पाच मोजेपर्यंत तसाच धरावा. मग खाली घ्यावा. असे दहा वेळा. मग दुसरा पाय. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्याला आधार मिळतो. याला पैसा लागत नाही. मात्र नेम लागतो.

तिसरे, काठी. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी. डावा दुखत असेल तर उजव्या हातात. पुष्कळ लोक उलटे करतात.

चौथे, बसणे. उकिडवे बसणे टाळावे. माय-माऊल्यांनी स्वयंपाक उभ्याने करावा. शौचाला खुर्ची वापरावी. त्यात लाज कसली?

पाचवे, गोळ्या. दुखणे थांबवणाऱ्या गोळ्या मनाने रोज खाऊ नयेत. मूत्रपिंड आणि पोट बिघडते. बाजारातली बिननावाची पुडी तर मुळीच घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते.

एवढे करूनही चालवेनासे झाले, तर कृत्रिम गुडघा बसवता येतो. हा उपचार कसोटीला उतरलेला आहे. बसवलेल्या शंभर गुडघ्यांपैकी सुमारे ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात, असे २०१९ साली छापलेल्या अभ्यासात दिसले. शस्त्रक्रिया म्हटली की थोडा धोका असतोच, तो डॉक्टरांकडून समजून घ्यावा. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे दोन्ही गुडघे २००० आणि २००१ साली बदलले. ते कोठे? मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात. देशाचा पंतप्रधान गुडघ्यासाठी परदेशी गेला नाही. डॉक्टर चित्तरंजन राणावत अमेरिकेहून येथे आले.

कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये मर्यादा घातली. तेव्हा साध्या प्रकारच्या गुडघ्याची कमाल किंमत कर सोडून ५४,७२० रुपये ठरली. शस्त्रक्रियेचा खर्च वेगळा असतो. आधी सरकारी रुग्णालयात चौकशी करावी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपल्याला काय मिळू शकते, ते आरोग्यमित्राला विचारावे.

पैसे देण्याआधी विचारा

कोणी सुईचा कागद घेऊन आला, तर त्याला हे प्रश्न विचारा.

माझ्या दुखण्याचे नाव काय? या सुईला त्याच दुखण्यासाठी सरकारची परवानगी आहे काय? साध्या सुईशी तुलना करून पाहिले काय? सुईतल्या पेशी कोणाच्या? बिघडले तर कोण पाहणार, कोण भरपाई देणार? हे सारे लिहून द्याल काय?

लिहून द्यायला जो कचरतो, त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

आप्पांचे पुढे काय झाले?

आठव्या दिवशी आम्ही हे सारे आप्पांना वाचून दाखवले. आप्पा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे आशाच सोडायची का, गुरुजी?"

आम्ही म्हणालो, "आशा सोडू नका. वावर सोडू नका."

त्यांच्या मुलाला बोलावून घेतले. तो मनाने वाईट नव्हता. बापाचे दुखणे त्याला पाहवत नव्हते. तोच त्यांना सरकारी रुग्णालयात घेऊन गेला. एक्सरे काढला. झीज मधल्या टप्प्याची निघाली. डॉक्टरांनी व्यायाम शिकवला आणि वजन उतरवायला सांगितले.

या गोष्टीला दीड वर्ष झाले. आप्पांचा गुडघा नवा झाला असे आम्ही म्हणणार नाही. राजूरला ते अजून गाडीनेच जातात. पण देवळापाशी उतरून काठी टेकत आत जातात. रात्री झोप लागते. आणि यंदा त्या दोन एकरांत मका उभा आहे.

पुढे कधी गुडघा बदलायची वेळ आलीच, तर वावर आहे, मुलगा आहे, आणि काय विचारायचे ते आप्पांना ठाऊक आहे. तो रंगीत कागद त्यांनी फेकला नाही. घडी करून ठेवला आहे. कोणी गुडघा धरून दारात आला की आप्पा तो काढतात आणि विचारतात, "वाचता येतं ना? मग यात काय लिहिलं नाही, ते आधी शोध."