पचमढी

पचमढी हे मध्य प्रदेशातील नर्मदापुरम (पूर्वीचे होशंगाबाद) जिल्ह्यात सातपुडा पर्वतावर वसलेले थंड हवेचे ठिकाण आहे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,०६७ मीटर उंचीवर आहे. घनदाट वने, धबधबे, प्राचीन लेणी व शैलचित्रे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. राज्य वेगळे असले तरी प्रशासन, संशोधन आणि विशेषतः महादेवाची यात्रा यांमुळे पचमढीचे विदर्भाशी जुने नाते आहे.

भूरचना आणि धबधबे

सातपुड्याचा बराच भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. पचमढीचे महादेव डोंगर मात्र गोंडवाना समूहातील वालुकाश्माचे आहेत. या खडकातील भेगांतून पाणी मुरते व वाहते, त्यामुळे तो झिजून खोल, उभ्या कड्यांच्या दऱ्या तयार होतात. हांडी खोह ही अशीच एक दरी आहे. प्रवाह कड्यावरून कोसळतो तेथे धबधबा होतो आणि कड्याचा पायथा आतून झिजतो तेथे नैसर्गिक गुहा तयार होते. धबधबे व गुहा येथे एकत्र आढळतात, त्याचे कारण हेच आहे.

जमुना प्रपात (बी फॉल), अप्सरा विहार, रजत प्रपात व डचेस फॉल हे येथील प्रमुख धबधबे होत. रजत प्रपात दरीपलीकडून दुरूनच पाहावा लागतो. जमुना प्रपाताच्या ओढ्यातून गावास पिण्याचे पाणी मिळते. सुमारे १,३५० मीटर उंचीचे धूपगड हे सातपुड्याचे सर्वोच्च शिखर आहे.

लेणी आणि शैलचित्रे

गावाजवळच्या टेकडीत वालुकाश्मात कोरलेली पाच लेणी आहेत. वनवासात पांडव येथे राहिले, अशी लोकश्रद्धा आहे; अभ्यासक मात्र ती बौद्ध भिक्षूंची निवासस्थाने मानतात. ‘पाच मढ्या’ यावरून गावाचे नाव पडले असे सांगितले जाते.

याहून कितीतरी प्राचीन मानवी वस्तीच्या खुणा परिसरातील शैलाश्रयांत आढळतात. तेथील चित्रांत शिकार, लढाई, नृत्य व मध गोळा करण्याची दृश्ये आहेत. जी. आर. हंटर यांनी १९३० च्या दशकात डोरोथी डीप या शैलाश्रयात उत्खनन केले. तेथे सूक्ष्म अश्महत्यारे व मानवी सांगाडे सापडले. या कामाचा वृत्तान्त नागपूर विद्यापीठाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

इतिहास

हा प्रदेश गोंड व कोरकू या आदिवासी समाजांचा आहे. १८६२ मध्ये कॅप्टन जेम्स फोर्सिथ येथे आला व त्याने ‘बायसन लॉज’ ही वास्तू उभारली. पुढे लष्करी छावणी वसली आणि पचमढी मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. उन्हाळ्यात प्रांताचा कारभार नागपुरातून येथे हलत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला व पचमढी मध्य प्रदेशात राहिली.

महादेवाची यात्रा

सीमा बदलली तरी यात्रेचा मार्ग बदलला नाही. भस्मासुराच्या भयाने शंकर येथील गुहांत लपले, अशी कथा आहे. जटाशंकर, गुप्त महादेव व बडा महादेव ही स्थाने तिच्याशी जोडली जातात. महाशिवरात्रीस विदर्भातील गावोगावचे भाविक समूहाने येतात. अशा समूहास ‘पोहा’ म्हणतात. नवस फेडण्यासाठी लहानमोठे त्रिशूळ खांद्यावर घेऊन ते सुमारे तेराशे पायऱ्यांचा चौरागड चढतात.

दुसरी यात्रा नागद्वाराची होय. नागपंचमीच्या सुमारास मोजके दिवस भर पावसात डोंगर, ओढे व गुहा पार करत ती पायी केली जाते. हिचा मार्ग सातपुडा व्याघ्र प्रकल्पातून जात असल्याने एरवी तो बंद असतो. भाविकांच्या भोजनाची व्यवस्था अनेक ठिकाणी विदर्भातील सेवा मंडळे करतात.

वन्यजीवन आणि संवर्धन

साग व साल या दोन्ही वृक्षांची वने येथे आढळतात. वाघ, गवा, अस्वल व शेकरू हे येथील प्रमुख प्राणी होत. १९९९ मध्ये हा परिसर जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला व २००९ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक जाळ्यात समावेश झाला. यात्रेची परंपरा जपणे आणि वन्य अधिवासावरील गर्दीचा व प्लास्टिकचा भार मर्यादित ठेवणे, ही दोन्ही कामे प्रशासनास एकाच वेळी करावी लागतात. शैलचित्रांनाही हा धोका आहे. चित्रांना हात लावणे, पाणी शिंपडणे किंवा शेजारी नावे कोरणे यांमुळे होणारी हानी भरून निघत नाही.

प्रवास

नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा व तामिया या मार्गाने पचमढी सुमारे २५० किलोमीटर आहे. पिपरिया हे इटारसी–जबलपूर लोहमार्गावरील सर्वांत जवळचे रेल्वे स्थानक असून ते सुमारे ५० किलोमीटरवर आहे. वनक्षेत्रातील काही स्थळांसाठी वनविभागाचा परवाना लागतो. पावसाळ्यात धबधबे भरून वाहतात, परंतु दगड निसरडे होतात व ओढ्यांना अचानक पूर येतो. त्यामुळे पाण्यात उतरणे धोक्याचे असते. ऑक्टोबर ते मार्च हा काळ भ्रमंतीस अनुकूल मानला जातो.