कोरा अग्रलेख, बंद गिरणीची झांकी

जून २०२५मध्ये आणीबाणीला पन्नास वर्षं झाली. भाषणं झाली, प्रदर्शनं लागली. इंदुरात खरं तर एका कोऱ्या चौकटीची आठवण आधी निघायला हवी होती. सेन्सॉरशिप आल्यावर इथल्या ‘नई दुनिया’ दैनिकाने अग्रलेखाची जागा रिकामी सोडली होती. रोज सकाळी ज्या मजकुरावर वाद घालायची शहराला सवय, तोच गायब. काय घडलंय ते सांगायला वेगळा मजकूर लागला नाही.

५ जून १९४७ला निघालेल्या या दैनिकाची सुरुवातीची वर्षं इथे गाळली तरी चालतील. मन अडकतं ते सत्तरच्या दशकात. संपादक राहुल बारपुते: मराठी घरातला माणूस, दैनिक हिंदी, आणि उठबस देवासच्या कुमार गंधर्वांपासून चित्रकार विष्णू चिंचाळकर गुरुजींपर्यंत. जोडीला कॉलेजात इंग्रजी शिकवणं सोडून आलेले राजेंद्र माथुर. वाचकांच्या पत्रांना तिथे ऐसपैस जागा असे; संपादकाला खोडून काढणारं पत्रही छापून येई. आज ‘संवाद’ म्हणून जे मिरवतात, त्याहून तो पत्रव्यवहार कितीतरी जिवंत होता.

वर्तमानपत्र ही शहराची एक शाळा; दुसरी रस्त्यावर भरे. टिळकांनी ‘केसरी’ आणि गणेशोत्सव अशी दोन्ही साधनं एकाच हाताने वापरली. इंदुरात ती वाटली गेली. वर्तमानपत्र पेढीवाल्यांचं आणि संपादकांचं, गणपती गिरणी कामगारांचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी अशा गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघत. पुढे आखाडे, मागे दिव्यांनी लखलखणारे देखावे: एका गाडीवर पुराणकथा, तर दुसरीवर चालू काळातला विषय. कारखान्यात खाली मान घालून राबणारा माणूस त्या रात्री सगळ्या शहराला काहीतरी दाखवायचा, आणि त्याच्या मालकासकट सगळं शहर रस्त्याकडेला उभं राहून बघायचं. राजवाड्याच्या परिसरातच होळकरांच्या काळापासूनचा मोहरमचा सरकारी ताजियाही आहे. गर्दी कोणत्या देवाची, यापेक्षा ती एकत्र उभी राहते का, हा प्रश्न या शहराने फार पूर्वी सोडवला होता. आता तोच पुन्हा उकरला जातो, आणि सोडवण्यात कुणालाच फारसा रस दिसत नाही.

पुढची पडझड एकामागून एक होत गेली. १९८२मध्ये माथुर दिल्लीला ‘नवभारत टाइम्स’मध्ये गेले. १२ डिसेंबर १९९१ला हुकुमचंद गिरणी बंद पडली. १९९६मध्ये बारपुते गेले. २०१२मध्ये ‘नई दुनिया’ जागरण समूहाने विकत घेतली. विक्री हा काही गुन्हा नव्हे. पण शहराने सकाळी कशावर बोलायचं हे आता शहरात ठरत नाही. बातमी मोबाइलवर ज्याच्या त्याच्या गटात येते आणि आरतीच्या व्हिडिओखाली शेजाऱ्याबद्दलची अफवाही त्याच गटात येते. तिला उलट उत्तर देणारं पत्र धाडायचं कुणाला? फार बोललात तर गटातून काढतात.

झांकी मात्र गिरणीबरोबर बंद पडली नाही. भोंगा थांबला, पगार थांबला, कामगार थकबाकीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिले. तरी हुकुमचंदची झांकी वर्गणी आणि मदत गोळा करून निघत राहिली. कामगारांच्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये मार्गी लागले ते २५ डिसेंबर २०२३ला, बत्तीस वर्षांनी. तोवर पुष्कळ जण हयात नव्हते. त्यांच्या वाट्याचे पैसे घ्यायला वारसांनी कागदपत्रं जमवली.