प्रवाहाचं घर्षण मोजणारी तापती फिल्म

पृष्ठभागाला लगटून वाहणारी हवा किंवा पाणी त्याला आपल्याबरोबर ओढू पाहतं. ही ओढ म्हणजे पृष्ठभागीय घर्षण. विमानाचं बरंचसं इंधन यावर मात करण्यात खर्ची पडतं.

• साधन : काच किंवा प्लॅस्टिकच्या थरावर चढवलेली प्लॅटिनम वा निकेलची अतिशय पातळ फिल्म. ती पृष्ठभागाशी समतल बसवतात, त्यामुळे प्रवाहात अडथळा येत नाही.

• काम : फिल्म विजेने तापवतात. प्रवाह तिची उष्णता पळवतो. तापमान कायम राखण्यासाठी ब्रिज सर्किट वीज वाढवतं. ही वाढ म्हणजेच घर्षणाची खूण.

• गणित : उष्णता घर्षणाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. घर्षण 8 पट झालं, तर प्रवाहात जाणारी उष्णता फक्त दुप्पट होते. म्हणून मोजमापातली छोटी चूक उत्तरात जवळपास तिप्पट होते.

• अडचण : हवेत बरीच उष्णता खालच्या थरातच मुरते. पाण्यात फिल्म जास्त तापवली, तर बुडबुडे धरतात.

• भारतीय धागा : सतीश धवन यांनी 1951मध्ये कॅलटेकमध्ये हान्स लीपमन यांच्या मार्गदर्शनाखाली हेच घर्षण तरंगत्या पट्टीने थेट मोजून डॉक्टरेट मिळवली. लीपमन यांनी स्किनर यांच्यासह 1954मध्ये तापत्या घटकाची पद्धत मांडली. धवन पुढे ‘इस्रो’चे अध्यक्ष झाले.

वापरण्याआधी ज्ञात घर्षणाशी ताडून घेतलेल्या फिल्मच्याच आकड्यांवर भरवसा ठेवावा.