प्रतिबंधात्मक देखभाल व तपासणीचे वेळापत्रक (विश्वसनीयता सिम्युलेशन)

प्रतिबंधात्मक देखभाल व तपासणीचे वेळापत्रक म्हणजे यंत्र बिघडण्यापूर्वी त्याचे कोणते काम, केव्हा आणि कोणत्या निमित्ताने करायचे याचे नियम. विश्वसनीयता सिम्युलेशनच्या संगणक-प्रणालीत हे नियम यंत्रणेच्या प्रतिरूपाला जोडले जातात. मग संगणक त्या यंत्रणेचे काल्पनिक आयुष्य हजारो वेळा चालवून पाहतो. प्रत्येक फेरीत बिघाडाच्या वेळा यादृच्छिक पद्धतीने काढल्या जातात. ही मॉन्टे कार्लो पद्धत १९४० च्या दशकात स्टॅनिस्लाव उलाम व जॉन फॉन नॉयमन यांच्या कामातून पुढे आली. फेऱ्यांच्या सरासरीवरून यंत्रणा किती काळ उपलब्ध राहील, खर्च किती येईल आणि सुटे भाग किती लागतील याचा अंदाज बांधता येतो. रिलायासॉफ्टचे ब्लॉकसिम ही या प्रकारची एक प्रचलित प्रणाली आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील जिनिंग-प्रेसिंग कारखाने, वणी परिसरातील उघड्या कोळसा खाणी आणि मोठ्या धरणांचे दरवाजे यांच्या आधारे हा विषय चांगला समजतो. तिन्ही ठिकाणी देखभालीचा प्रश्न वेगळा आहे. पुढील आकडेमोड केवळ स्पष्टीकरणासाठी असून ती कोणत्याही प्रत्यक्ष कारखान्याची वा धरणाची नाही.

कामांचे प्रकार

प्रणालीत कामे साधारणपणे चार प्रकारची मानतात. बिघाडानंतरची दुरुस्ती, ठरलेल्या वेळी केलेली प्रतिबंधात्मक देखभाल, तपासणी, आणि स्थिती पाहून करायचे काम. नवशिक्यांची गल्लत बहुधा तिसऱ्या प्रकाराबाबत होते. तपासणीने यंत्र सुधारत नाही. आधीच बिघडलेला, पण कोणाच्या लक्षात न आलेला भाग ती उघड करते, एवढेच. तपासणीनंतर भाग 'नव्यासारखा' झाला असे प्रतिरूपात नोंदवल्यास उपलब्धतेचा आकडा विनाकारण फुगतो.

देखभालीने भाग कितपत पूर्ववत होतो हे पुनर्स्थापन गुणांकाने सांगतात. गुणांक १ असेल तर भाग नवा झाला, ० असेल तर जसा होता तसाच राहिला. तेल-वंगणाचे काम आणि भाग बदलण्याचे काम यांना एकच गुणांक देणे चुकीचे ठरते.

वय कशाने मोजायचे

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. जिनिंगचा हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालतो व त्यानंतर यंत्रे बंद असतात. दुहेरी रोलरच्या जिनमध्ये चामड्याचा रोलर आणि पोलादी सुरी यांच्यामध्ये रुई ओढली जाऊन सरकी वेगळी पडते. रोलरची झीज चालू तासांवर अवलंबून असते, दिनदर्शिकेवर नाही. वेळापत्रक 'दर तीन महिन्यांनी' असे लिहिले तर प्रणाली बंद हंगामातही रोलरचे काम करत राहते आणि ऐन हंगामात मात्र ते अपुरे पडते. म्हणून अशा भागासाठी 'भागाचे वय' हा निकष घ्यावा लागतो. रबरी पट्ट्यांचे तसे नाही. त्या न वापरताही कडक होतात, त्यामुळे त्यांच्यासाठी दिनदर्शिकाच योग्य.

एक लहानसा वाटणारा प्रश्न निष्कर्ष बदलू शकतो. पुढच्या कामाचे अंतर ठरलेल्या तारखेपासून मोजायचे की प्रत्यक्ष काम संपल्यापासून? पंधरा दिवसांचे काम दर वेळी तीन दिवस उशिरा होत असेल, तर दुसऱ्या पद्धतीने ते वस्तुतः अठरा दिवसांचे होऊन बसते.

कारखान्याच्या रचनेचाही विचार करावा लागतो. जिन यंत्रे ओळीने अनेक असतात, त्यामुळे एक बंद पडल्यास उत्पादन थोडेच घटते. गाठी बांधणारा प्रेस मात्र बहुधा एकच. तो थांबला की सगळा ओघ अडतो आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते. म्हणून प्रणालीत 'प्रेस बंद असताना वाहक पट्ट्यांचेही काम उरका' असा संधिसाधू देखभालीचा नियम देता येतो. एकाच थांब्यात अनेक कामे आटोपतात. मात्र भाग लवकर बदलले जात असल्याने सुट्या भागांचा खर्च वाढतो. हंगामातील एका दिवसाचे मोल किती, यावर या देवघेवीचा निकाल अवलंबून असतो.

बदलून उपयोग केव्हा

ठरावीक वयाला भाग बदलणे लाभदायक ठरण्यास दोन अटी लागतात. भाग वयानुसार अधिक बिघडू लागलेला असावा आणि अचानक बिघाडाचा खर्च नियोजित बदलापेक्षा जास्त असावा. पहिली अट वायबुल वितरणाच्या आकार-प्राचलावरून तपासतात. स्वीडिश अभियंता वालोडी वायबुल यांनी १९५१ मध्ये या वितरणावरील आपला प्रसिद्ध शोधनिबंध मांडला. प्राचल १ पेक्षा मोठा असेल तर झीज आहे. तो १ असेल तर बिघाड निव्वळ योगायोगाने होतात, आणि जुना चालू भाग काढून नवा बसवल्याने काहीच साधत नाही. तो १ पेक्षा लहान असेल तर नवा भागच अधिक धोक्याचा, म्हणजे अशी देखभाल नुकसानच करते.

हे अपवादात्मक नाही. स्टॅनली नोलन व हॉवर्ड हीप यांच्या १९७८ च्या अहवालात युनायटेड एअरलाइन्सच्या विमानांतील केवळ ११ टक्के घटकांनाच वयोमर्यादेचा फायदा होईल असे आढळले होते. 'जितकी देखभाल अधिक तितकी विश्वसनीयता अधिक' ही समजूत तिथे टिकली नाही.

लपलेले बिघाड

पैनगंगेवरील इसापूर किंवा बाभूळगाव तालुक्यातील बेंबळा यांसारख्या धरणांचे दरवाजे वर्षातील बहुतेक काळ बंद असतात. उचलयंत्राची मोटर जळाली किंवा पर्यायी जनित्र निकामी झाले, तरी दरवाजा उघडण्याची वेळ येईपर्यंत ते कळत नाही. आणि ती वेळ नेमकी पुराची असते. इसापूरच्या खाली उमरखेड तालुक्यातील नदीकाठची गावे आहेत.

अशा उपकरणाच्या सरासरी अनुपलब्धतेचे एक सोपे सूत्र आहे. बिघाडाचा दर गुणिले तपासणीतील अंतर, भागिले दोन. दहा वर्षांतून सरासरी एकदा बिघडणारे उपकरण वर्षातून एकदा तपासले, तर ते सुमारे ५ टक्के काळ कोणाच्या नकळत निकामी असेल. पण ही सरासरी वर्षभराची आहे, आणि पूर वर्षभर येत नाहीत. तपासणी मेअखेरीस केली तर जून ते सप्टेंबर या काळातील अनुपलब्धता सुमारे १.६ टक्के येते. तीच तपासणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या आरंभी केली, तर पुढील पावसाळ्यात ती सुमारे ८ टक्के असते. खर्च तोच, माणसे तीच, पण जोखीम जवळजवळ पाचपट. वार्षिक सरासरीवर भिस्त ठेवणाऱ्या प्रतिरूपात हा फरक दिसतच नाही. म्हणून मागणीचा काळ प्रणालीला स्वतंत्र टप्पा म्हणून सांगावा लागतो.

भारताच्या धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ ने दरवर्षी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक केली आहे. पूर किंवा भूकंप यांच्या वेळी व नंतरही तपासणी अपेक्षित आहे. सिम्युलेशनच्या भाषेत पहिली दोन दिनदर्शिकेवरची कामे, तर तिसरे घटनेने सुरू होणारे काम. पावसाळ्यानंतरच्या तपासणीचा उपयोग वेगळा आहे. तीत सापडलेला दोष दुरुस्त करायला आठ महिने मिळतात, मेअखेरच्या तपासणीनंतर जेमतेम काही दिवस. सुटा भाग मिळण्यास लागणारा अवधी प्रतिरूपात शून्य धरल्यास हा फरकही लपून जातो.

स्थिती पाहून काम

काही भाग बिघडण्यापूर्वी सूचना देतात. साखळी गंजते, तारेचे धागे तुटू लागतात, इंजिनाच्या तेलात धातूचे कण वाढतात. दोष दिसू लागण्यापासून प्रत्यक्ष बिघाडापर्यंतच्या काळापेक्षा तपासणीचे अंतर कमी असेल, तरच अशी तपासणी कामाची. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या वणी उत्तर क्षेत्रासारख्या उघड्या खाणींत डंपरच्या इंजिनाचे तेल तपासणे हे या जातीचे काम आहे. ते इंजिन-तासांवर योजतात.

धरणाच्या दरवाजात असा भाग तुटला तर काय होते हे १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री कर्नाटकातील तुंगभद्रा धरणावर दिसले. १९ क्रमांकाच्या दरवाजाची साखळी तुटून तो वाहून गेला. भार कमी करण्यासाठी इतर दरवाजे उघडून साठवलेले पाणी सोडावे लागले आणि तात्पुरती अडवणूक बसवण्यास सुमारे आठवडा गेला.

नोंदी आणि फेऱ्यांची संख्या

प्रतिरूपाचे खरे दुखणे नोंदींत असते. वहीत नुसते 'यंत्र बंद, दुरुस्ती' लिहिले असेल तर कोणता भाग गेला हे कळत नाही. चालू स्थितीत बदललेला भाग 'बिघडला' म्हणून नोंदवल्यास त्याचे आयुष्य वास्तवापेक्षा कमी ठरते, मग तो आणखी लवकर बदलला जातो आणि चूक स्वतःलाच पुष्टी देत राहते. असे भाग संख्याशास्त्रात 'अपूर्ण आयुष्याची नोंद' म्हणून वेगळे धरतात.

दुर्मीळ घटनांसाठी फेऱ्याही पुरेशा हव्यात. हजारात एक शक्यता असलेली घटना हजार फेऱ्यांत एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के असते. अहवालात अशा वेळी शून्य छापले जाते, आणि वाचणारा ते 'अशक्य' असे वाचतो.