हेदवीची घरगुती खाणावळ

हेदवीत चांगले जेवायचे तर कुणाच्या तरी घरी जेवायचे. गुहागर तालुक्यातल्या या गावात जेवणाची सोय होते ती मुख्यतः नांदत्या घरांत. पडवीत किंवा अंगणातल्या मांडवाखाली पाने मांडली जातात आणि रांधणाऱ्या घरच्याच बायका असतात. दशभुज लक्ष्मीगणेशाचे देऊळ आणि भरतीला पाण्याचे उंच फवारे उडवणारी किनाऱ्यावरची बामणघळ पाहायला येणाऱ्यांमुळे या घरगुती धंद्याला बळ आले.

कोकणी माणसाला खाणावळ नवी नाही. मुंबईच्या गिरणगावात एकट्याने राहणाऱ्या चाकरमान्यांना खाणावळवाल्या बायकांनीच पोसले. त्यांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. तिथले गिऱ्हाईक महिन्याचे, इथले एका जेवणाचे. पण माणसे मोजून रांधण्याची रीत तीच. म्हणून आदल्या दिवशी, निदान सकाळी लवकर, किती जण येणार ते कळवावे लागते. तेवढेच नारळ फुटतात, तेवढीच उकड निघते. अन्न ताजे राहते ते यामुळे.

ही शिस्त खरी कळते ती उकडीच्या मोदकात. सुवासिक तांदूळ धुऊन, सावलीत वाळवून त्याची बारीक पिठी दळतात. वाटीभर पिठीला वाटीभर पाणी, त्यात मीठ आणि चमचाभर तूप. पाणी उकळले की पिठी घालून दणदणीत वाफ काढतात. उकड गरम असतानाच तेलपाण्याच्या हाताने मळावी लागते, नाहीतर पारीला चिरा जातात. ओला नारळ, गूळ, वेलची आणि जायफळ यांचे सारण फार कोरडे झाले तर मोदक चोथट लागतो. पाकळ्या जवळजवळ आणि एकसारख्या पडल्या की हात बसला म्हणायचे. पंधराएक मिनिटे वाफवून वर तूप घालून लगेच वाढतात, कारण शिजलेली पिठी गार होताच घट्ट होते. मोदक करून ठेवता येत नाही. दुकानी मिठाईत तो खऱ्या चवीने मिळत नाही, याचे कारण हेच. भाद्रपदात खाली हळदीचे पान असते आणि त्या वासाची सर दुसऱ्या कशालाही नाही.

बाकीचे पान ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात ओल्या काजूंची उसळ, फणसाची भाजी, आमरस. पावसात अळूचे फदफदे आणि कुळथाचे पिठले. सोलकढी बारमाही. न्याहारीला घावन किंवा आंबोळी, सोबत ओल्या नारळाची चटणी. देवळाच्या आसपास शाकाहारी पान मिळते. सुरमई, बांगडा हवा असेल तर मासे करणारी घरे वेगळी विचारावी लागतात, आणि जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असल्याने ताज्या मासळीचा भरवसा धरू नये.

चिपळूणहून गुहागरमार्गे येणाऱ्यांनी घाटरस्त्याचा आणि जयगडहून येणाऱ्यांनी तवसाळच्या फेरीबोटीचा वेळ धरूनच जेवणाची वेळ सांगावी. मोदक ताटाबरोबर येतील असे गृहीत न धरता किती हवेत तेही तेव्हाच कळवावे.